खोलीचं बटण

तिचे ओठ हलले आणि आवाज आला नाही.

यात खरं तर दचकण्यासारखं काहीच नव्हतं. गेली कित्येक वर्षं तिचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. त्याच्या कानांचं वाटोळं झालंय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांत जास्त त्याला. पण आज तो दचकला, कारण आज कानांना यंत्र होतं आणि यंत्र चालू होतं. आत्ताच त्याने भिंतीवरच्या घड्याळाची टकटक ऐकली होती. पंख्याची घरघर ऐकली होती आणि दर फेरीला पंखा एकदा बारीक कण्हतो हेही त्याला आजच कळलं होतं. ती स्वयंपाकघरातून निघाली तेव्हा तिच्या सपातांची फटफट त्याने दारापासून टेबलापर्यंत कानांनी सोबत करत आणली होती. कप टेकवला त्याचा 'टक्' तर इतका ठसठशीत आला की त्याने कपाकडे कौतुकाने पाहिलं. मग ती समोर उभी राहिली आणि नेहमीसारखी हनुवटी जराशी वर करून म्हणाली, "साखर कमी घातलीय, बघ." शब्द न शब्द त्याला कळला, कारण ओठ वाचण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. कानात मात्र तेवढ्या वेळात पंखा दोनदा कण्हला, घड्याळ आपलं काम करत राहिलं, आणि ती ज्या जागी बोलली त्या जागी काहीच नव्हतं. ती वळली. सपाता फटफटत स्वयंपाकघराकडे गेल्या, तेही त्याला नीट ऐकू आलं.

यंत्र कालच आलं होतं. जावई हौशी माणूस, त्यात सासऱ्याच्या टीव्हीने त्याचंही डोकं उठायचं. या घरातला टीव्ही एक तर भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडाची झोप उडवत असे, नाहीतर आवाज पूर्ण बंद करून नुसता चमकत असे. मधली पायरी नव्हती. काही वर्षांपूर्वी कानात घालायचं यंत्र आणून झालं होतं. ते शिट्ट्या मारायचं आणि जगातला सगळा आवाज पातेल्यात खडे ओतल्यासारखा डोक्यात ओतायचं, त्यामुळे आठवडा संपायच्या आत ते कपाटात गेलं. हे नवीन प्रकरण वेगळं होतं. टीव्हीशेजारी ठेवायचा एक चपटा खोका, आणि हनुवटीखाली डॉक्टरांच्या नळीसारखं लोंबणारं, दोन्ही कानांत मऊ बोंडं असलेलं हलकं यंत्र. मध्ये वायर नाही. "बाबा, संडासात गेलात तरी बातम्या ऐकू येतील," असं जावई त्याच्यासमोर तोंड आणून म्हणाला होता, आणि मुलीने नवऱ्याला कोपराने ढोसलं होतं. मग जावयाने कानाचं चित्र असलेलं एक बारीक बटण दाखवलं. "कुणी बोलायला आलं की हे दाबायचं. टीव्ही थांबतो आणि खोली चालू होते. परत दाबलं की परत टीव्ही." खोली चालू होते, हे शब्द त्याला फार आवडले. खोलीलाही बटण असतं हे त्याला माहीत नव्हतं.

पण कालची संध्याकाळ खोलीची नव्हतीच, टीव्हीची होती. बातम्या देणारी बाई वाक्याच्या आधी श्वास घेते, हे ऐकून तो थक्क झाला होता. तिचे ओठ तो रोज बघत होता, तिची वाक्यं त्याला कळत होती, पण दोन वाक्यांच्या मध्ये ती बाई जिवंत असते हे यंत्राने सांगितलं. मग उत्तरेकडच्या समुद्रावरचा कार्यक्रम लागला आणि बर्फाचा कडा तुटताना आधी आत कुठेतरी, फार खोलवर, लाकूड पिळल्यासारखा आवाज झाला. त्याच्या अंगावर काटा आला. एक तक्रार त्याने बातम्यांच्या वेळी केली होती, आणि ती कुणालाच पटली नाही. "हिचे ओठ पुढे आहेत आणि आवाज मागून येतोय," तो म्हणाला. जावई म्हणाला, नाही हो, बरोबर आहे. पण बरोबर नव्हतं. अगदी केसभर, पापणी लवायला लागते त्याहून थोडं कमी, आवाज मागे होता. ओठांवर जन्म काढलेल्या माणसाला ते दिसणारच. तरी ही तक्रार जेवणात सापडलेल्या वेलचीच्या सालीएवढीच; त्याने ती बाजूला काढून ठेवली आणि पोटभर ऐकलं. यंत्र लावलं की टीव्हीचा आवाज खोलीत येत नसे, त्यामुळे शेजारी बसलेली बायको त्या मुक्या चित्राकडे बघत बसली होती. मध्ये केव्हातरी तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "ऐकतोय, ऐकतोय," असं तो बर्फाकडे बघत म्हणाला होता. काय ऐकतोय, हे त्याने स्वतःला विचारलं नव्हतं.

आज दुपारी घरात दोघंच होती. त्याने बटण दाबून खोली चालू केली, आणि सगळी खोली आली, तेवढी तीच आली नाही. चहा तसाच ठेवून तो बसून राहिला. पहिला विचार आला तो भीतीचा. हिचा आवाज गेला की काय? घशात काही झालं असेल आणि ही बोलली नसेल, हिची सवयच ती, दुखणं अंगावर काढायची. दुसरा विचार जास्त वाईट होता. यंत्राला पंखा ऐकू येतो, सपाता ऐकू येतात, कप ऐकू येतो. म्हणजे आपले कान सगळ्यांसाठी दुरुस्त होणार, फक्त हिच्यासाठी नाही. त्याने 'अगं' म्हणून हाक मारली. ती दारात आली, ओल्या हातांनी. "काय म्हणाली होतीस मघाशी?" तिच्या कपाळाला आठी पडली. "साखर कमी घातलीय म्हटलं. एवढं चांगलं यंत्र आणलंय, तरी तेच?" एवढं सगळं ती बोलली, ओठ, गाल, भुवया, सगळं वापरून बोलली, आणि तिच्या बोटांवरून पाण्याचा एक थेंब फरशीवर पडला त्याचा टप्प असा आवाज आला.

त्या टप्पने त्याला खिळ्यांच्या कारखान्यात नेऊन उभं केलं. तिथे थेंब तर सोडाच, माणूस पडला तरी आवाज आला नसता. लांबलचक शेड, दोन्ही बाजूंना यंत्रांच्या रांगा, प्रत्येक यंत्राच्या तोंडाशी तारेचं भलंमोठं रीळ. यंत्र तार ओढून घ्यायचं, एका दणक्यात डोकं ठोकायचं, दुसऱ्या दणक्यात टोक कापायचं आणि खिळा खालच्या पेटीत टाकायचं. अशी यंत्रं अख्खी शेडभर, आणि टोकाला खिळे घोळवायची पिंपं, त्यांत लाकडाच्या भुशाबरोबर खिळे तासन्‌तास गरगर फिरून चकचकीत व्हायचे. त्या गदारोळात ओरडणं म्हणजे आपला घसा आपल्याच हाताने फाडणं. नवा माणूस पहिला दिवस ओरडायचा, दुसऱ्या दिवशी घसा बसायचा, आणि तिसऱ्या दिवसापासून तो बाकीच्यांसारखा बोलू लागायचा, नुसत्या ओठांनी, आवाज अजिबात न वापरता. आवाज हा तिथे उगाच वाया जाणारा माल होता. नावंसुद्धा तिथे बदलायची. ज्याचं नाव जिभेच्या शेंड्याने किंवा घशातून म्हणायचं, त्याचं नाव ओठांवर दिसतच नसे, म्हणून शेड त्याला दिसेल असं नाव द्यायची. ओठ मिटले पाहिजेत, मग उघडले पाहिजेत, मग गोल झाले पाहिजेत. त्याला मिळालं भोपू, म्हणजे भोंगा. पुढे जो माणूस बहिरा होणार होता त्याला शेडने भोपू म्हणावं, ही त्या शेडची थट्टा. तिला मिळालं माऊ. ती पलीकडच्या निवडणीच्या टेबलावर बसायची, वाकडे आणि बिनडोक्याचे खिळे वेचायला. त्यातूनच तिने आपल्याला वेचलं, असं तो पुढे वर्षानुवर्षं सांगायचा आणि ती दर वेळी नव्याने हसायची.

शेडमध्ये कुजबुज हा प्रकार नव्हता. ज्याला दिसलं त्याला ऐकू गेलं. म्हणून खाजगी बोलायचं झालं की लोक तोंडाच्या कडेला हात आडवा धरत, दाराची फळी अर्धी लावावी तसा. त्याने लग्नाचं विचारलं तेव्हा धांदलीत हात धरायचा विसरला आणि समोरच्या सगळ्या टेबलाला ते कळलं. तिने मात्र हात वर नेला, तोंडाच्या कडेला नीट धरला, आणि हो म्हणाली. ते हो फक्त त्याला दिसलं. अख्ख्या शेडमध्ये, इतक्या यंत्रांच्या मध्ये, त्याच्यापुरती एक शांत खोली झाली. पाळी सुटल्यावर फाटकाबाहेर पडलं तरी कान घणघणत असायचे, त्यामुळे रस्त्यानेही माणसं ओठांनीच बोलत घरी जायची. लग्नानंतर ही दोघंही तशीच घरी आली आणि तशीच बोलत राहिली. मग मुलगी झाली, ती पाळण्यात झोपलेली असायची, आवाज कशाला करा. बायको कारखाना सोडून घरी राहिली म्हणून तिचे कान वाचले, तो तिथेच राहिला म्हणून त्याचे गेले. कान असे एका दिवसात जात नाहीत. ते साबणाच्या वडीसारखे झिजतात, आणि कुठल्या दिवशी वडी संपली हे सांगता येत नाही. मुलगी बापाशी ओठांनी आणि आईशी आवाजात बोलत मोठी झाली आणि सगळ्यांच्या घरी असंच असतं असं समजली. शेजारपाजारची माणसं म्हणायची, जोडपं असावं तर असं, एवढ्या वर्षांत कधी भांडणाचा आवाज नाही ऐकला. आवाज कुठून ऐकतील? भांडणं काय कमी झाली! एकमेकांच्या सात पिढ्या काढून झाल्या होत्या, दिवा चालू ठेवून, समोरासमोर बसून, चिडीचूप.

आणि आता, पंख्याच्या कण्हण्याखाली, कपातल्या चहावर साय धरत असताना, ते सगळं त्याच्या डोक्यात हळूहळू उलगडत गेलं. तिचा आवाज कानांनी नेला, असं तो समजून चालला होता. कारखान्यावर त्याचा खरा राग होता तो एवढाच. बाकीचं काय नेलंस ते ने, पण हिचा आवाज नेलास. आरशासमोर दाढी करताना, बसची वाट बघताना, त्याने त्या आवाजासाठी मुक्याने शोक केला होता. आणि आवाज गेलाच नव्हता. तो त्याच्याकडे कधी आलाच नव्हता. तिने तो ऐकवलाच नव्हता; म्हणजे तिच्या ताईशी बोलली असेल, दूधवाल्याशी बोलली असेल, गच्चीवरून मुलीला हाका मारल्या असतील, आणि कान शाबूत होते तेव्हा त्यातलं काहीबाही त्याच्यावरून गेलंही असेल. पण ते दुसऱ्यांच्या नावाने गेलं. त्याच्या नावाने कधीच नाही. मग त्याच्या डोक्यात इतकी वर्षं कोण बोलत होतं? कारण डोक्यात तर तिचा आवाज होता. बारीक, किंचित नाकातला, वाक्याच्या शेवटी वर चढणारा. ओठ हलले की तो वाजायचा. तो त्याला आठवण समजत होता. आता कळलं की तो त्याने स्वतःच केला होता, थोडा आपल्या थोरल्या बहिणीचा घेतला असेल, थोडा लहानपणी रेडिओवर ऐकलेल्या कुणा बाईचा, आणि तिच्या ओठांना शिवून टाकला होता. इतक्या वर्षांचा संसार त्याने स्वतःच घडवलेल्या आवाजाशी केला होता. आपण फसलो असं त्याला वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही. केवढं मोठं काम आपण नकळत करून बसलो, याने तो थरारून गेला, आणि त्याच वेळी, ज्या बाईला रोज बघितलं तिचं सगळ्यात साधं काहीतरी आपल्याला माहीत नाही, याने त्याच्या छातीत धडधडू लागलं. ते धडधडणंही यंत्रातून ऐकू येतंय की काय, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात आतल्या खोलीत फोन वाजला. आणि लगेच आत कुणीतरी बोलायला लागलं.

कुणीतरी बाई होती. आवाज जाड होता, खर्जातला, कडेने किंचित खरखरीत, आणि भरपूर. भरल्या घरात वाढप करणाऱ्या धिप्पाड बाईचा असावा तसा. शेजारीण मागच्या दाराने आली असेल, असं त्याला वाटलं आणि तो उठून दारापर्यंत गेला. आत शेजारीण नव्हती. पलंगाच्या कडेला, त्याच्याकडे पाठ करून, फोन कानाला लावून त्याची बायको बसली होती. त्याच्या खांद्याला जेमतेम लागणारी, वाळकी, पाठीचा कणा दिसणारी त्याची बायको. तिचे ओठ दिसत नव्हते. ओठांशिवाय तिचं बोलणं येत होतं, पाठीमागून, मानेमागून, सगळ्या खोलीतून. त्याने चौकट धरली. त्याच्या डोक्यातला तो बारीक नाकातला आवाज एकदा काहीतरी म्हणू गेला आणि गप्प झाला.

"नाही गं ताई, बरे आहेत," ती म्हणत होती. "जावयाने ते मशीन आणलंय ना, ते लावून बसलेत कालपासून. आता काय, बातम्यांतल्या बाईचा श्वास ऐकू येतो म्हणे!" ती हसली. हसणं आणखी खालच्या पट्टीत होतं. "चांगलंच आहे की. मी कशाला नाराज होऊ? ... नाही, तसं नाही... आता तू विचारतेस म्हणून सांगते. अगं, इतकी वर्षं यांना एक शब्द हवा असला तरी माझ्याकडे बघायला लागायचं. मीठ संपलंय म्हटलं तरी बघायला लागायचं. भांडलो तरी. आमच्यात तोंड फिरवून भांडताच येत नाही, सोय नाही तशी. कुणाच्या नवऱ्याने बायकोकडे इतकं बघितलंय, सांग बरं? तुझ्या तरी?" तिकडची ताई काहीतरी म्हणत असावी. "तेच तर. आता सगळं कानातच आल्यावर बघतील कशाला? काल संध्याकाळभर एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मी हात लावला तर म्हणे, ऐकतोय." मग तिने नाक ओढलं, आणि तेही त्याने ऐकलं.

तो दारातच उभा राहिला. लाज वाटली, ती कालच्या 'ऐकतोय'ची. पण लाजेपेक्षा मोठं काहीतरी होतं आणि ते त्याला उभ्या उभ्या पेलवत नव्हतं. तिला भीती होती ती तिचं बोलणं त्याच्या कानात जाईल आणि त्याची नजर तिच्या तोंडावरून उठेल याची. आणि तिला हे ठाऊकच नव्हतं की त्याच्याशी बोलताना तिच्या तोंडून आवाजच निघत नाही. तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. शेड कधीच बंद पडली होती, यंत्रं भंगारात गेली होती, आणि ही इथे, या शांत घरात, त्याच्यासमोर उभी राहिली की आपोआप त्या गदारोळात जाऊन उभी राहत होती. काही न बोलता तो परत खुर्चीत जाऊन बसता, तर सगळं होतं तसं राहिलं असतं. तिने ओठ हलवले असते, त्याने बघितलं असतं, तिची भीती आपोआप खोटी ठरली असती. फक्त तो जाड खरखरीत आवाज ताईपुरताच राहिला असता. तिने फोन ठेवला, वळली, आणि त्याला दारात बघून चपापली.

"माऊ," तो म्हणाला. हे नाव पहिल्यांदाच, ओठांनी नाही, आवाजात. ती आणखीच चपापली. "माझ्याशी बोलताना तुझा आवाज नसतो."

"काहीतरीच काय!" ती म्हणाली.

त्याने हसू दाबलं, कारण कानात फक्त पंखा होता. "आत्ताही नव्हता. ताईशी होता. माझ्याशी नाही."

"असं कसं असेल? मी काय मुकी आहे?" तिचे ओठ भराभर हलत होते. त्याने आपलाच हात पुढे करून तिचा हात उचलला आणि तिच्या गळ्यावर ठेवला. "आता बोल." ती काहीतरी बोलली, आणि मध्येच थांबली. बोटांखाली गळा स्वस्थ होता. तिने पुन्हा प्रयत्न केला. तिचे डोळे मोठे होत गेले. समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघत आवाज काढायचा, एवढी साधी गोष्ट तिच्या गळ्याला माहीत नव्हती. ती त्याच्याकडे बघायची, तोंड उघडायची, आणि आवाज आत कुठेतरी दाराशी येऊन परत जायचा. तिच्या चेहऱ्यावर आधी भीती दिसली आणि मग फार जुनी, घसा बसलेल्या नव्या कामगाराची लाज. मग तिने काय केलं, तर त्याच्याकडे पाठ केली. खिडकीशी जाऊन, बाहेर बघत, हात गळ्यावर तसाच ठेवून ती उभी राहिली. बराच वेळ नुसता पंखा आणि घड्याळ.

"अहो," आवाज आला. दूधवाल्याला ऐकू जावं असा. त्यावर ती स्वतःच नापसंतीने मान हलवताना दिसली. मग खांदे थोडे वर गेले, तिने श्वास घेतला, आणि त्याला तो श्वास ऐकू आला.

"भोपू."

हे नाव आजवर कुणी आवाजात उच्चारलंच नव्हतं. ते ऐकण्यासाठी केलेलंच नव्हतं. आणि ते खोलीत उभं होतं, जाड, थोडं खरखरीत, घरभर. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसले नाहीत. तो पलंगाला वळसा घालून गेला, तिच्या आणि खिडकीच्या मधल्या अरुंद जागेत कसाबसा शिरला आणि तिच्यासमोर उभा राहिला. तिने मान फिरवायला घेतली. "नको," तो म्हणाला. "इकडे बघून. पुन्हा म्हण."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तिचा दुसरा हात वर आला आणि तोंडाच्या कडेला आडवा राहिला, बघणारं कुणी नसताना. ओठ मिटले, उघडले, गोल झाले, आणि त्याच क्षणी, केसभर पुढे नाही, केसभर मागे नाही, आवाज आला. पहिल्यांदा तुटका आला. दुसऱ्यांदा नीट आला. तो बघत होता आणि ऐकत होता आणि यांतलं कुठलं काय हे त्याला वेगळं काढता येत नव्हतं.

"आता कशाला बघतोयस?" ती म्हणाली, आवाजात, खिडकीच्या उजेडात. "ऐकू येतंय ना?"

"येतंय," तो म्हणाला, आणि बघत राहिला.